सहावं पाऊल

पाचशे बारावा कागद जमिनीवर ठेवल्यावर लिफ्टवाल्याच्या लक्षात आलं, की आता आपल्याला उभं राहायला जागा उरलेली नाही.

तो खोलीच्या कोपऱ्यात एका पायावर उभा होता. दुसरा पाय टेकवायचा तर श्रीयुत पाणघोडे यांच्या पाठीवर टेकवावा लागला असता, आणि तसलं पाप करण्यापेक्षा तो संध्याकाळपर्यंत बगळा होऊन राहायला तयार होता. दारापासून खिडकीपर्यंत, तिथून वळून कपाटापर्यंत, पुन्हा वळून त्याच्या अंगठ्यापर्यंत नागमोडी रांगेत कागद पसरले होते. प्रत्येकावर पेन्सिलीने काढलेला तोच पाठमोरा पाणघोडा. डोक्यावर टोपी, टोपीला भोक पाडून बाहेर काढलेला डावा कान, पाठीवर ताणून शिवण उसवायला आलेला कोट. दर कागदावर तो आधीच्यापेक्षा केसभर लहान झालेला होता, कारण तो दूर चालला होता.

गुरुवारपासून लिफ्टवाल्याला धड जेवण गेलं नव्हतं. दुःखाने नव्हे, आनंदाने. शुक्रवारी तो एका इमारतीची लिफ्ट दुरुस्त करून शेजारच्या इमारतीचं बिल देऊन आला होता.

गुरुवारी या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधोमध अडकली होती. त्याने दार उघडलं तेव्हा आत एक साठीच्या बाई होत्या आणि त्यांच्या हातात सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. त्यांना वर ओढायला त्याने हात पुढे केला. बाईंनी आधी गठ्ठा दिला. सगळ्यांत वरच्या कागदावरचा कान त्याने पाहिला आणि तो मटकन खाली बसला. पुढची सात मिनिटं बाई लिफ्टमध्ये आणि लिफ्टवाला कागदात अडकून होते.

"हे कुठून आणलंत तुम्ही?" त्याने विचारलं होतं.

"आधी मला बाहेर काढा," बाई म्हणाल्या होत्या. "मग विचारा."

बाईंनी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. आणि ज्या माणसाने श्रीयुत पाणघोडे जन्माला घातले, त्याच्या त्या एकुलत्या एक मुलगी होत्या. म्हणजे एका अर्थी पाणघोड्यांच्या सख्ख्या बहीणच, असं लिफ्टवाला भारावून म्हणाला, तेव्हा बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याला आपण गृहपाठ घरी विसरल्यासारखं वाटलं.

चौथ्या मजल्यावरची ही खोली त्यांच्या वडिलांची. चाळीस वर्षं ते इथे बसून चित्रं काढत होते. एका फिल्ममध्ये हजारो चित्रं, सगळी हाताने, आणि अशा सतरा फिल्म. प्रत्येक फिल्म सहा मिनिटांची, आणि प्रत्येकीत श्रीयुत पाणघोडे काहीतरी अवजड वस्तू कुणाच्या तरी घरी पोचवायला निघत. कधी पियानो, कधी बाथटब, एकदा तर दुसरा पाणघोडा. पत्ता नेहमी चुकीचा. शेवटी ते रिकाम्या हाताने, पाठ फिरवून, रस्त्याने लहान लहान होत निघून जात, आणि पडदा काळा होई.

लिफ्टवाल्याने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पियानो घेऊन जिना उतरणाऱ्या पाणघोड्यांना सगळी मुलं हसत होती. तोही हसला, पण मग त्याला दिसलं, की पाणघोडे थांबले तरी त्यांचं पोट एक क्षण उशिरा थांबतं. कागदावरच्या रेघेला वजन होतं! तेव्हापासून वजन खालीवर कसं जातं याचं त्याला वेड लागलं आणि पुढे त्याने लिफ्टचं काम धरलं ते याच कारणाने, असं तो सांगत असे. दुसरं काही जमलं नाही म्हणून धरलं, असं त्याची आई सांगत असे.

आणि आता त्याच्यासमोर अठरावी फिल्म होती. कुणी न पाहिलेली.

वडील गेल्यावर आता खोली रिकामी करून द्यायची होती. संग्रहालयाचा माणूस येऊन गेला होता आणि आम्ही चित्रपट नेतो, ढीग नेत नाही, असं सांगून गेला होता. कारण कागदांवरचे क्रमांक उजव्या कोपऱ्यात लिहिलेले होते आणि वाळवीने नेमका तोच कोपरा खाल्ला होता. चित्रांत तिला रस नसावा. रविवारी दुपारी चार वाजता रद्दीचा टेम्पो येणार होता. लिफ्टवाल्याने हातापाया पडून बाईंकडून तीन दिवस मागून घेतले. बाईंनी अट घातली, की चारपर्यंत सगळं ओळीने लावून दाखवायचं. त्यात गोष्ट निघाली तर संग्रहालय, नाही निघाली तर टेम्पो.

त्याने कंपासने प्रत्येक पाणघोड्याची उंची मोजली होती. टोपीपासून बुटापर्यंत, पाचशे बारा वेळा. त्यातच काल सकाळी तो प्रकार झाला होता.

सतराही फिल्मच्या शेवटी पाणघोडे चालत जातात तेव्हा पाच पावलं सरळ पडतात आणि सहाव्याला डावा पाय किंचित अडखळतो. जमीन आहे ना, अशी खात्री करून घेतल्यासारखा. चाहत्यांच्या मंडळात यावर दोन तट होते. मंडळात माणसं अकरा, त्यामुळे एक तट सहाचा आणि एक पाचाचा. सहांचा पुढारी लिफ्टवाला. त्याचं म्हणणं असं, की चालण्याची चित्रं एकदाच काढली आणि सगळीकडे तीच वापरली. त्यातला एक कागद हरवला, त्याच्या जागी शेजारच्याचा दोनदा फोटो घेतला गेला, म्हणून तो धक्का. यावर त्याने एकोणीस पानांचा लेख लिहिला होता. पाचांचा पुढारी एक दातांचा डॉक्टर. तो म्हणे, हे मुद्दाम आहे. चार वर्षांपूर्वी दोघांचं यावरून इतकं वाजलं, की तेव्हापासून लिफ्टवाला दाढ दुखली तरी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे जाई.

काल सकाळी त्याच्या हाताला एकामागून एक असे चार कागद लागले. चारही कागदांवर डावा पाय हवेत होता, पण एकही दुसऱ्यासारखा नव्हता. आधी टाच सुटते, मग बोटं आत वळतात, मग पाय अधांतरी थांबतो, आणि मग अगदी हलके, जणू फरशी जागी होईल या बेताने, खाली येऊ लागतो. प्रत्येक कागद खोडून खोडून काढलेला. एके ठिकाणी खोडरबराने कागद पातळ होऊन त्यातून उजेड येत होता. पुढे पाहिलं, तर पुन्हा सहाव्या पावलाला नवे चार कागद. पुन्हा सहाव्याला. दर वेळी पहिल्यापासून, नव्याने काढलेले.

काही हरवलं नव्हतं. कुणी चुकलं नव्हतं. एकोणीस पानं पाण्यात गेली होती आणि लिफ्टवाल्याला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. पण कागद उडाले असते. त्याने डॉक्टरला फोन लावला.

"तुझं बरोबर होतं," तो म्हणाला.



"कोण बोलतंय?" डॉक्टरने विचारलं. आवाज ओळखूनही त्याने हे विचारलं, हे मुद्दाम होतं, यात शंका नव्हती.

पण तो आनंद कालचा. आज, एका पायावर उभं राहून, लिफ्टवाल्याने रांगेवरून पहिल्यापासून शेवटपर्यंत नजर फिरवली, मग पुन्हा एकदा फिरवली. पहिल्या कागदावर पाणघोडे चालत होते. पाचशे बाराव्यावर नखाएवढे झालेले पाणघोडे चालतच होते. मध्ये बाथटब नव्हता, दार नव्हतं, चुकीचा पत्ता नव्हता. साधं कुत्रंसुद्धा आडवं गेलं नव्हतं.

साडेतीनला बाई आल्या आणि उंबऱ्यावरच थांबल्या.

"या ना आत," लिफ्टवाला म्हणाला. "कडेकडेने जागा आहे."

सवय नाही, असं बाई म्हणाल्या. या खोलीत त्यांना आणि आईला यायची परवानगीच नव्हती, कागद हलतील म्हणून. दुपारी आई चार जिने चढून जेवण आणायची, इथे उंबऱ्यावर ठेवायची आणि कमरेवर हात टेकत बाहेरच्या व्हरांड्यातून परत जायची. ते मान वर करून बघायचेसुद्धा नाहीत. आई गेली त्या वर्षीही ते रोज इथे येऊन बसत होते. हे सगळं बाईंनी फळ्यावरचं उदाहरण वाचून दाखवावं तशा आवाजात सांगितलं.

"आमच्या दोघींचं एक चित्र काढलं नाही त्यांनी. साधं घरच्या कॅलेंडरच्या मागेसुद्धा नाही." मग त्यांनी जमिनीकडे पाहिलं. "बरं, काय निघालं?"

खोटं बोलता आलं असतं. बाईंनी आयुष्यात एकही फिल्म पुरती पाहिलेली नव्हती. बाथटब पुढच्या गठ्ठ्यात आहे म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. लिफ्टवाल्याने तोंड उघडलं. पण एकतीस वर्षं कॉपी पकडलेली नजर समोर होती.

"गोष्ट नाहीये, बाई," तो म्हणाला. "नुसतं चालणं आहे."

"किती वेळाचं?"

"एका सेकंदाला बारा चित्रं."

"पावणेत्रेचाळीस सेकंदसुद्धा नाहीत," बाई लगेच म्हणाल्या. "आणि टेम्पो यायला वीस मिनिटं आहेत."

मग लिफ्टवाल्याला राहवलं नाही. त्याने कडेकडेने उड्या मारत दार गाठलं, वाटेत तीस कागद उचलून बोटांत धरले आणि बाईंच्या डोळ्यांसमोर फरफर सोडून दाखवले. बघा, वजन बघा, म्हणाला. बाई म्हणाल्या, मी पाणघोडा पाहिलेला आहे. तो म्हणाला, तुम्ही पाणघोडा बघू नका, पाऊल बघा. त्यांना काही दिसेना. त्याने पुन्हा कागद सोडले, त्यातले दोन निसटले, ते धरायला गेला तर कोपर दारावर आपटलं.

"तुम्ही तिथे बसा," तो शेवटी म्हणाला. "त्या खुर्चीत. मी करून दाखवतो."

खोलीत तेवढी एकच जागा मोकळी होती. मेजामागची वडिलांची खुर्ची. मेज खिडकीकडे नव्हतं. ते दाराकडे तोंड करून मांडलेलं होतं. बाई थोडा वेळ घुटमळल्या. मग साडी आवरून, भिंतीला पाठ घासत, एकाही कागदाला धक्का न लावता गेल्या आणि खुर्चीत ताठ बसल्या. परीक्षेला सुपरवायझर बसतात तशा.

लिफ्टवाला उंबऱ्याबाहेर उभा राहिला. तो काठीसारखा बारीक होता आणि पाणघोडे होण्यासाठी परमेश्वराने त्याला काहीही दिलं नव्हतं. नऊ वर्षांचा असल्यापासून आरशासमोर, जिन्यात, एकदा स्वतःच्या लग्नात तो असा चालला होता. पण सगळं अंदाजाने. आज पहिल्यांदा त्याला टाच कधी सुटते आणि बोटं कधी वळतात हे नेमकं ठाऊक होतं. त्याने पाठ फिरवली आणि लांबलचक, रिकाम्या व्हरांड्यातून चालायला लागला.

एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्याला डावी टाच सुटली. बोटं आत वळली. पाय अधांतरी थांबला, आणि हलकेच खाली आला.

पुन्हा पाच. पुन्हा तो पाय. चालता चालता तो मोठ्याने समजावून सांगत होता. की हे चार कागद दर वेळी नवे आहेत, बाई. आधीच्या फिल्ममधले जुने वापरता आले असते, कुणाला कळलं नसतं. सगळे तसंच करतात. पण यांनी दर वेळी नव्याने काढले, पुन्हा पुन्हा खोडून, जणू आधीचं बरोबर आलंच नाही. या एका पावलासाठी माणूस किती दिवस बसला असेल! आणि लोक म्हणतात फोटो घेणाऱ्याची चूक. लोक काय, मीच म्हणत होतो, एकोणीस पानं.

जिन्याशी व्हरांडा संपला. तो वळला.

व्हरांड्याच्या त्या टोकाला दाराची चौकट दिसत होती आणि चौकटीत, मेजामागे, बाई. त्या आता ताठ बसलेल्या नव्हत्या. दोन्ही हात मेजाच्या काचेवर टेकून त्या पुढे झुकल्या होत्या. त्यांचा फोन वाजत होता. खूप वेळ वाजत होता. मग त्यांनी तो उचलला, लिफ्टवाल्यावरची नजर न काढता.

"नाही," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "आज नको." मग थोडं थांबून, "नाही हो. उद्याही नको."

फोन त्यांनी उलटा करून ठेवला.

"इकडे या," त्या म्हणाल्या.

लिफ्टवाला धावतच आला. त्याला वाटलं, आता त्या कागदांचं काही विचारतील, संग्रहालयाचा नंबर मागतील. तो दम खात उंबऱ्याशी उभा राहिला.

"परत चाला," बाई म्हणाल्या. "त्या पावलाला हात कमरेवर न्या."

"पण पाणघोडे हात कमरेवर नेत नाहीत, बाई," तो म्हणाला. या बाबतीत त्याची चूक कुणी काढू शकत नव्हतं. "सतरा फिल्ममध्ये एकदाही नाही."

"पाणघोडे नसतील नेत," बाई म्हणाल्या. "डावा हात. आणि घाई करू नका."