आवाजाची गाडी

गंगाधरने बोनेट दाणकन आपटलं, तसे अनुपमाचे डोळे मिटले आणि उजवा हात आपोआप कानाकडे गेला. अर्ध्यावर तिने तो वळवला आणि केसांवरून फिरवला. जलीलने ते पाहिलं. मग गाडीच्या काचेवरची न दिसणारी धूळ तो पुसत बसला.

बिरवाडीच्या रस्त्याला जलीलचं पत्र्याचं आवार होतं. उमेदीची वर्षं आखातातल्या गॅरेजात घालवून तो महाडला परतला होता आणि आता जुन्या गाड्या घेऊन, नीट करून विकत होता. आज दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही त्या वर्षांत नव्यानेच दिसू लागलेल्या जातीच्या, ना धड जीप, ना धड मोटार. चाकं उंच, अंग आखूड. गंगाधरला अशीच हवी होती. पोलादपूरच्या त्याच्या फरशीच्या दुकानाचा थोडाफार माल मागे बसावा, टेम्पोचं भाडं वाचावं, आणि लग्नाकार्यात पुढच्या दारातून उतरलं की चार माणसांनी वळून बघावं. पांढरी पेट्रोलवर चालायची, हिरवी डिझेलवर. कुठली घ्यायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

“पांढरी चालू करून दाखव,” गंगाधर म्हणाला.

“चालूच हाय, शेठ.”

गंगाधर खूश होऊन हसला. अनुपमाने बोनेटवर तळहात ठेवून पाहिला. पत्रा अगदी बारीक थरथरत होता. ही गाडी तिला नको होती.

कारण आजवर गंगाधरकडे बुलेट होती, आणि त्या बुलेटच्या आवाजावर अनुपमाचा संसार तगून होता. त्यांचं घर गावाबाहेर, कशेडी घाट सुरू होतो तिथे, हमरस्त्यापासून जरा खाली. बुलेट पोलादपूरच्या वळणावर आली की तिची धडधड घरात ऐकू यायची. तेवढ्या वेळात रेडिओ बंद व्हायचा, ताट-पाट मांडून व्हायचे, आणि लेक वल्लरी मागच्या दाराने शेजारच्या कमळाबाईंकडे पसार व्हायची. पोरीच्या चपला कायम मागच्या दाराशीच असत. गंगाधरला मारायला कारण लागायचं नाही. आमटीत मीठ जास्त, टॉवेल ओला, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं, काहीही चालायचं. शिमग्याच्या दिवसांत त्याने उंबऱ्यावर अनुपमाचा हात दाबून धरून वर दार लोटलं होतं. ते बोट वाकडं ते वाकडंच राहिलं. बाहेर मात्र हा माणूस शाळेच्या कार्यक्रमाला नारळ फोडायला जायचा. वल्लरीला त्याने अजून हात लावला नव्हता. ती त्याच्या हाती सापडलीच नव्हती.

आणि बुलेट आता याच व्यवहारात जायची होती.

“पेट्रोलची पळते झकास,” जलील सांगत होता. “आवाज नाय, धूर नाय. पण पिते खूप. डिझेलची सावकाश उचल घेते, ठकठक करते, पण इंजिन दणकट. तुमचा माल वाहायचा असंल तर...”

“ठकठक नको. लोक टेम्पो म्हणतील.”

अनुपमाने एक मोठा श्वास घेतला. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. आपण पूर्व म्हटलं की तो पश्चिमेला जातो, हे तिला मार खाऊन खाऊन पाठ झालं होतं.

“पेट्रोलचीच घ्या हो,” ती लाडात आल्यासारखं म्हणाली. “मला बाई हीच आवडली. अशी गुपचूप आहे की कधी आलात नि कधी गेलात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायचंसुद्धा नाही.”

गंगाधरने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग जलीलकडे पाठ करून तिच्या दंडाचं मांस बोटांच्या चिमटीत धरलं आणि पिळलं. चेहरा हसराच होता.

“गाडी कोण चालवणार? तू?”

डोळ्यांत पाणी आलं ते तिने येऊ दिलं. आज त्या पाण्याचं तिला काही वाटत नव्हतं.

“हिरवी चालू कर,” गंगाधर ओरडला. “माल वाहायला डिझेलच पाहिजे. बायकांना काय कळतंय इंजिनातलं!”

हिरवी गाडी खोकली, हादरली आणि धडधडायला लागली. आवारातलं कुत्रं उठून भुंकू लागलं. गंगाधरने त्याच्या बरगडीत लाथ घातली. अनुपमा त्या आवाजाकडे कान लावून उभी होती, आणि तिला खरोखर आनंद झाला होता.

गंगाधर बुलेटची कागदपत्रं काढायला फाटकाकडे गेला, तेव्हा जलील तिच्याजवळ आला. दंडाकडे न बघता बोलला.

“वहिनी, एक गोष्ट शेठना तुम्ही सांगा. मी मघाशी ब्रेकचं सांगाया गेलो तर अंगावर धावून आले. आपल्याकडं घाट उतरताना गाडी बंद करायची सवय हाय लोकांना, डिझेल वाचवायला. ही गाडी तशी उतरवायची नाय. इंजिन बंद झालं का ब्रेकातला जोर जातो. दोन-चारदा पाय दाबला का पेडल दगडावानी होतं. स्टेअरिंगपण जड. रिकामी असली तर निभावंल एखादवेळ. भरलेली नाय थांबायची.”

“सांगते हं, जलीलभाई.”

तिला सांगायचंच होतं. पण घरी येईपर्यंत ती गाडीचा आवाजच ऐकत राहिली, आणि मग चांगले दिवस आले. चांगले म्हणजे आधीसारखेच. पण पुढे जे झालं ते पाहता चांगलेच म्हणायचे. हिरवी गाडी वळणावर आली की भांडी थरथरल्यासारखी वाटत. वल्लरी पुस्तक मिटायची, चपला घालायची, निघून जायची. कमळाबाई पलीकडून हाक द्यायच्या, “ये गो पोरी, भाकरी टाकलेय.” अनुपमाला एकटीला मार बसायचा. त्याचा हिशेब तिने कधीच मांडला नव्हता.

दिवाळीनंतर गंगाधर पहिल्यांदा गाडी घेऊन घाटापलीकडे, खेडला गेला. संध्याकाळी अनुपमा पोळ्या लाटत होती. वल्लरी पुढच्या खोलीत रेडिओ लावून, गाण्याबरोबर मोठ्याने म्हणत होती. दार उघडलं तेव्हा दोघींनाही वाटलं, कमळाबाई आल्या.

दारात गंगाधर उभा होता. मागे अंगणात हिरवी गाडी मुक्यासारखी उभी होती.

“माथ्यापासून बंद करून आणली,” तो मोठ्या फुशारकीने म्हणाला. “थेंबभर डिझेल जाळलं नाही. ट्रकवाल्यांकडून शिकलो. पेडल तेवढं जड लागतं, पण पुरुषाच्या पायाला त्याचं काय!”

मग त्याला रेडिओ ऐकू आला.

त्याने रेडिओ उचलून भिंतीवर फेकला. वल्लरी मागच्या दाराकडे धावली आणि चपला शोधायला वाकली. तेवढ्यात त्याने तिची वेणी धरली. अनुपमा मध्ये पडली, तिला त्याने गुडघ्याने ढकललं. ती पोळपाटासकट खाली आली. पडल्यापडल्या तिला तो आवाज ऐकू आला, पोरीच्या डाव्या कानावर बसलेल्या थपडेचा. मग दुसरा. मग दाराच्या चौकटीवर डोकं आपटल्याचा. वल्लरी रडली नाही. कसं रडायचं असतं तेच तिला सुचलं नसावं. तिच्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरली.

“मला चुकवून पळते,” गंगाधर धापा टाकत म्हणाला. “रोज पळत असणार. आता दोघींनाही कळणार नाही मी कधी येतो ते.”

महाडच्या डॉक्टरांनी कानात दिवा धरून पाहिलं आणि पडदा फाटल्याचं सांगितलं. कसं झालं असं त्यांनी विचारलं. वल्लरी म्हणाली, पडले. डॉक्टर गंगाधरच्याच दुकानातून घेतलेल्या फरशीवर उभे होते. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात गंगाधर पुन्हा खेडला निघाला. तिथे कुणी दुकान मोडत होतं, फरशा स्वस्तात मिळणार होत्या. मागची सीट काढून त्याने ती जागा मोकळी केली होती. मावतील तेवढ्या खच्चून भरून आणणार होता.

अनुपमा पायरीवर आली. रात्रभर जलीलचं बोलणं तिच्या डोक्यात घोळत होतं. माणूस कसाही असो, जिवाची गोष्ट आहे, सांगायला हवं. तिला तसंच वाढवलेलं होतं.

“अहो, ऐका ना. ते जलीलभाई म्हणाले होते...”

गंगाधर वळला आणि त्याने तिच्या तोंडावर उलट्या हाताची लगावली. ओठ दातावर फुटला.

“कामाला निघताना मागून हाक मारायची नाही! किती वेळा सांगितलंय?”

तो गाडीत बसला. इंजिन सुरू झालं, अंगण धडधडलं. अपशकुन झालाच होता. नुसतं तसंच निघून जाणं त्याच्या जिवावर आलं असावं. त्याने काच खाली केली.

“काय म्हणाला होता तो?”

अनुपमाने पदराने ओठ टिपला. खिडकीतून वल्लरी बघत होती, कानात कापूस घातलेली.

“काही नाही,” अनुपमा म्हणाली. “गाडी चांगली आहे, म्हणाला.”

गाडी वर रस्त्याला लागली आणि घाटाकडे वळली. चढणीवर तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

संध्याकाळी दोघी पुढच्या खोलीत बसल्या. दार सताड उघडं होतं. वल्लरीने चपला पायांत घालूनच ठेवल्या होत्या, आणि चांगला कान घाटाच्या बाजूला केला होता. काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे तो येत असेल, किंवा आला नसेल. आता आवाजावरून काही कळेनासंच झालं होतं. अनुपमाने पोरीचा हात धरला.

मग घाटात हॉर्न वाजला. ट्रकवाले वळणावर देतात तसा तुटक नव्हे. एकच लांब, न थांबणारा, आणि वेगाने खाली येणारा. वरच्या वळणावर त्याच्याबरोबर काहीतरी फुटल्याचा, फरशा कोसळल्यासारखा मोठा आवाज आला. हॉर्न त्यानंतरही वाजतच राहिला, पण आता एकाच जागेवरून.

वल्लरी उभी राहिली. आईकडे बघून मागच्या दाराकडे वळली.

हॉर्न बंद झाला.

कमळाबाई अंगणातून ओरडत होत्या, कोण तरी दरीच्या कडेला आपटलं म्हणत होत्या. रस्त्याने माणसं धावत होती. अनुपमाने उठून पुढचं दार लोटलं, कडी घातली आणि वल्लरीजवळ येऊन खाली बसली.

“काढ त्या चपला,” ती म्हणाली.