ओला मिटलेला टप

मित्रांनो, मी एक जुनी जर्मन मोटार आहे आणि मी भयंकर चिडलेली आहे.

मी हातांनी घडले. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने दरवाजे माझ्याच अंगाला बेतून बसवले. दुसऱ्या गाडीला ते लागणारच नाहीत. माझे घडीचे छत, म्हणजे कापडी टप, शिवणाऱ्याने मला सोपवताना एकच गोष्ट बजावली होती : "ओला टप कधी मिटू नका. कुजेल."

माझ्या पहिल्या मालकीणबाई डॉक्टर. त्यांनी ते ऐकले. पावसातून रोगी पाहून आल्या की टप वाळेपर्यंत अंगणात मला तसेच उभे ठेवत. ऊन पडले की टप मागे, मुले मागच्या सीटवर आणि आम्ही रस्त्यावर! लोक वळून पाहत.

पुढे बाईंचे गुडघे थकले. किल्ली मुलाकडे गेली आणि माझी शोभेची बाहुली झाली. जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनात त्याने मला धुतले. परीक्षक शेजारच्या गाडीपाशी आले, तशी याची धांदल उडाली. आतले लाकूडकाम दिसावे म्हणून त्याने ओलाच टप मिटला. कप मिळाला. मला ट्रकवर चढवून घरी आणले आणि खोळ घातली. कप रोज पुसला जात होता. मी आत कुजत होते.

बाई म्हणत, "अरे, एकदा फिरव मला. डोक्यावर आभाळ हवंय."

"आई, तिचं वय झालंय."

"तिचं की माझं?"

परवा बाई काठी टेकत आल्या, खोळ ओढून काढली आणि थेट आत बसल्या.

"आई, ऐक ना, पाऊस आला तर? आधी टप चढवून बघतो," म्हणत मुलाने टप खेचला. बुरशीचा भपकारा सुटला आणि कापड घडीवर टरकन फाटले.

बाईंनी वास घेतला. "ओला मिटलास?"

तो फाटलेल्या कडा जुळवू लागला.

"छान! आता कपात चहा पी. ही चालू कर."

त्याने किल्ली फिरवली. वर्षानुवर्षे न फिरलेले इंजिन हूं की चूं करेना.

"आई, उतर आता."

"मी नाही उतरत. ढकल."

"लोक बघतील!"

"बघू देत. कप घेताना बघतच होते ना?"

सूनबाई हसत बाहेर आल्या आणि त्यांनीही मागून हात लावला. बाईंनी स्टिअरिंग धरले. फाटका टप मागे लोंबत होता, कप मिळवणारा घामाघूम झाला होता आणि आम्ही फाटकाबाहेर आलो. बाईंनी मान वर केली.

मित्रांनो, माझा राग गेलेला नाही. झाकून ठेवण्याला जपणे म्हणू नका. भिजलेले वाळू द्या, चालणारे चालू द्या. आणि आई फिरायला न्या म्हणाली, तर त्याच दिवशी न्या.