बिनमुदतीची सही

जर्मन भाषेतला एक शब्द नागेशला पेढ्यासारखा गोड लागायचा. उनबेफ्रिस्टेट. म्हणजे मुदत नसलेला, कायमचा. या एका शब्दासाठी त्याने जर्मनीतल्या नेकारसुल्ममध्ये अकरा वर्षं काढली होती. काम गाड्यांच्या कारखान्यात, पण पगार ठेकेदार कंपनीचा. दर डिसेंबरला करार वाढणार की नाही ही धास्ती, आणि व्हिसाची दोरी त्याच कराराला बांधलेली. साडेतीन वर्षांपूर्वी एकदाचा करार उनबेफ्रिस्टेट झाला, तेव्हा शोभनाने दुधाच्या पावडरीचे पेढे केले आणि ओळखीच्या सहा मराठी घरांत वाटले. परक्या देशात माणूस कशाचे पेढे वाटेल सांगता येत नाही.

आता शनिवारी सकाळी, चहा गार होत असताना, हाच शब्द हातातल्या एका जुन्या कागदावर वाचून त्याची पाचावर धारण बसली.

कागद मुलीचा होता. मुक्ता वीस वर्षांची, कोलोनला विद्यापीठात शिकायची आणि भाला फेकायची. तीन आठवड्यांपूर्वी तिला एका अनोळखी माणसाचा मेसेज आला होता: काल तू रेघ ओलांडलीस, माझे दोनशे युरो गेले. मुक्ताला वाटलं, चुकून आला असेल. आदल्या दिवशी तिने भाल्याला हातसुद्धा लावला नव्हता, ती दिवसभर स्टॅटिस्टिक्सच्या तासाला बसली होती. दुसऱ्या दिवशी तसेच नऊ मेसेज आले, तिसऱ्या दिवशी चाळीस. त्यांतले काही शिव्यांचे होते. काही शिव्यांपेक्षा वाईट होते, कारण त्यांत तिच्या हॉस्टेलच्या रस्त्याचं नाव होतं.

उलगडा केला जुन्या क्लबपासून तिच्या संघात असलेल्या मिलनने. त्याने सट्ट्याचं एक ॲप शोधून काढलं. त्यात खरा खेळ नव्हताच. संगणकाने बनवलेले खेळाडू दर सात मिनिटांनी मैदानात उतरायचे, लोक त्यांच्यावर पैसे लावायचे, आणि कोण जिंकणार हे यंत्र ठरवायचं. त्या खेळाडूंत मिलन होता, आणि मुक्ता होती. तीच वेणी, तोच उजव्या गालावरचा तीळ, धावायच्या आधी तळवा मांडीवर दोनदा पुसायची तीच सवय. नावही मुक्ताच. ती दिवसभर भाला फेकत होती, कधी जिंकत होती, कधी रेघ ओलांडून बाद होत होती. बाद झाली की हरलेले लोक खऱ्या मुक्ताला शोधत यायचे.

हे कुठून आलं तेही तिला आठवलं. नेकारसुल्ममधल्या तिच्या क्लबमध्ये एकदा काही माणसं आली होती. त्यांनी सगळ्यांच्या अंगाला चमकत्या टिकल्या चिकटवल्या, प्रत्येकाला चाळीस-चाळीस वेळा फेकायला लावलं, तंत्र सुधारण्यासाठी अभ्यास करतोय म्हणाले, आणि जाताना एक टी-शर्ट आणि एक केळं दिलं. मुक्ता तेव्हा सतरा वर्षांची होती. केळं तिने परतीच्या बसमध्ये खाल्लं होतं.

मागच्या मंगळवारी सरावाच्या वेळी कुंपणाबाहेर एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, नीटनेटका, हातात कुत्र्याची साखळी. त्याने तिला नावाने हाक मारली आणि अगदी सभ्यपणे सांगितलं, आज रेघेच्या मागेच राहा हं. मग कुत्र्याला घेऊन निघून गेला. तेव्हापासून मुक्ताचा भाला जाईना. धावता धावता मान आपोआप कुंपणाकडे वळायची, आणि पाय रेघेच्या दोन मीटर अलीकडेच थांबायचे. हे तिने नागेशला फोनवर सांगितलं. इतकी वर्षं त्याने पोरीला रस्ता ओलांडायला, ट्राम बदलायला, अनोळखी माणसाला पत्ता न द्यायला शिकवलं होतं. आता तिचा चेहराच पत्ता झाला होता.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि प्रत्येक मेसेज वाचून, तारीख-वेळ लिहून ठेवायला सांगितलं. विद्यापीठाने एक वकीलबाई गाठून दिली, फ्राऊ राइमर्स. तिचा पहिला प्रश्न होता, कुठे सही केली आहेस का? मुक्ता ठामपणे नाही म्हणाली. मग वकीलबाईने विचारलं, तू तेव्हा अठराची नव्हतीस, आईवडिलांनी केली असेल? शुक्रवारी फोनवर हे सांगताना मुक्ता तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. "मी तिला सांगितलं, माझे बाबा टोस्टरची गॅरंटीसुद्धा दोनदा वाचतात. ते असल्या कागदावर सही करणारच नाहीत. बरोबर ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," नागेश म्हणाला, आणि तोही हसला. फोन ठेवल्यावर मात्र तो कपाटातल्या फाइलींकडे पाहत राहिला. रात्र कशीबशी काढून सकाळी त्याने मुक्ताच्या नावाची फाइल उघडली. त्याच्या घरात कागद हरवत नसत. हा गुण म्हणून तो मिरवायचा.

कागद दोन पानी होता, खाली त्याची वळणदार सही. खेळाडूचे फोटो, व्हिडिओ, हालचाली आणि त्यांवरून बनवलेली कुठलीही डिजिटल प्रतिमा वापरण्याचा आणि भागीदार कंपन्यांना देण्याचा हक्क, उनबेफ्रिस्टेट. आणि त्याच्याच शेजारी दुसरा शब्द, उनएंटगेल्टलिश. विनामोबदला.

त्याला तो दिवस लख्ख आठवला. स्पर्धेची गडबड, टेबलामागे क्लबची बाई, मागे पालकांची रांग. त्याने कागद वाचला नव्हता असं म्हणायला जीभ धजत नव्हती, कारण तो वाचला होता. चांगला दोनदा वाचला होता. स्वतःचा करार कायम होऊन आठ दिवस झाले होते. पोरीच्याही कागदावर तोच शब्द पाहून त्याला वाटलं, हिची संघातली जागाही कायमची झाली. आणि विनामोबदला म्हणजे आपल्याला काही भरायचं नाही, असा त्याने अर्थ काढला. या देशात खिडकीपाशी उभं राहायचेही पैसे पडतात, इथे फुकट म्हणताहेत! त्याने त्या बाईला चांगलं दोनदा थँक यू म्हटलं होतं. घरी येऊन शोभनाला बातमी सांगितली होती, आणि उरलेल्या पेढ्यांतला एक मुक्ताच्या तोंडात कोंबला होता.

संघातली जागा तर दर वर्षी नव्याने मिळवावी लागत होती. कायमची झाली होती ती फक्त टिकल्या लावलेली मुलगी.

शोभना किंडरगार्टनमध्ये काम करायची. शनिवारी घरीच होती. स्वयंपाकघरातून तिने विचारलं, काय शोधतोयस? टॅक्सचे कागद, नागेश म्हणाला, आणि फाइल मिटली. झाकली मूठ सव्वा लाखाची. कंपनीकडे कागद सापडलाच नाही तर? क्लबचं ऑफिस मध्यंतरी दुसरीकडे गेलं होतं, सामान हलताना काय काय हरवतं. आपली प्रत तेवढी नाहीशी केली की झालं. कागद फाडायचं यंत्र टेबलाखालीच होतं. त्याने ते चालूही केलं, आणि त्याच्या घरघरीने स्वतःच दचकून बंद केलं.

रविवारभर तो फोन घेऊन बसला. ते ॲप त्याने गुपचूप घेतलं होतं. दर सात मिनिटांनी त्याची मुलगी तळवा मांडीवर दोनदा पुसायची, धावायची, आणि नागेश पुटपुटायचा: देवा, तिला रेघ ओलांडू देऊ नकोस. ती जिंकली की त्याच्या जिवात जीव यायचा, कारण पुढची सात मिनिटं तिला कोणी धमकी देणार नव्हतं. दुपारी ती लागोपाठ तीनदा बाद झाली. शोभना मागे येऊन कधी उभी राहिली हे त्याला कळलंच नाही.

तिने दोन फेकी पाहिल्या. मग म्हणाली, "ही आपली नाही. ही दमत नाही."

त्याच संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. ॲपवाल्या कंपनीने वकीलबाईला उत्तर पाठवलं होतं. तक्रार मागे घ्या, नवा करार करा, प्रत्येक फेकीमागे मोबदला देऊ. मिलन एका पायावर तयार होता. आपल्या जिवावर ते कमावतात, शिव्या आपण फुकट खातो, निदान पगार तरी मिळू दे, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात खोटं काय होतं? शोभनालाही ते पटलं. एवढी वर्षं पोरीचे बूट, प्रवास, भाले आपणच घेतले, मग तिच्या चेहऱ्याचे पैसे तिला का मिळू नयेत?

मुक्ता आधी जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. मग मराठीत म्हणाली, "आई, मिळायलाच हवे होते. विचारून, आधी. आल्झो, म्हणजे आता घेतले तर ती मीच होईन. मग ती बाद झाली की मीच बाद झाले. त्या कुत्रेवाल्याचं मग काय चुकलं?"

आधी विचारलं होतं, ते नागेशला, आणि त्याने दिलेलं उत्तर फाइलमध्ये होतं.

सोमवारी सुट्टी टाकून तो कोलोनला गेला. बॅगेत फाइल होती. ती दाखवायला घेतली की रेल्वेच्या कचऱ्यात टाकायला, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. मुक्ता स्टेशनवर आली होती, कानांवर टोपी ओढून, वेणी जाकिटात कोंबून. तिने वेणी लपवलेली त्याने पूर्वी कधी पाहिली नव्हती. ट्राममध्ये ती दाराकडे पाठ करून बसली नाही, आणि त्यालाही बसू दिलं नाही.

फ्राऊ राइमर्सने सगळं तयार ठेवलं होतं. शपथेवरचं एक निवेदन: मी किंवा माझ्या पालकांनी अशी कुठलीही संमती कधीही दिलेली नाही. हे आजच कोर्टात गेलं तर आठवड्याभरात ॲपवरची मुक्ता बंद होऊ शकेल, ती म्हणाली. फक्त एक लक्षात ठेव, शपथेवर खोटं लिहिलं तर तो गुन्हा आहे, आणि गुन्हा सही करणाऱ्याचा. मुक्ताने मान डोलावली, पेन उचललं.

नागेशला वाटलं होतं, सांगायचं की नाही हे आपल्या हातात आहे. ते केव्हाच हातातून गेलं होतं. गप्प राहिला तर पोरीच्या हातून दुसरी सही होत होती, त्याच्या सहीहून वाईट. त्याने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब. मी केलीय."

फाइल टेबलावर आली. वकीलबाईने कागद वाचला आणि चष्मा काढला. मुक्ताने कागद ओढून घेतला. वाचताना तिचे ओठ हलत होते, लहानपणी हलायचे तसे.

"बाबा, तू हे वाचलं नव्हतंस ना?"

तिला हवं असलेलं उत्तर तिने प्रश्नातच दिलं होतं. घाईत होतो, भाषा कच्ची होती, रांग मोठी होती. तिने तेवढ्यावर माफ केलं असतं.

"वाचलं होतं," नागेश म्हणाला. "दोनदा. मला आवडलं होतं."

मग त्याने तिला तो शब्द, करार, पेढे, सगळं सांगितलं. सांगताना त्याला रडू आलं, आणि फ्राऊ राइमर्सने टिश्यूचा डबा त्याच्याकडे सरकवला. मुक्ता रडली नाही, रागावलीही नाही. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. ते त्याला सर्वांत जड गेलं.

आता रस्ता लांबचा होता. संमती मागे घेता येईल, फ्राऊ राइमर्सने सांगितलं, पण कंपनी म्हणेल की ॲपमधली ही बाहुली आधीच बनली आहे, आणि ते कोर्टाने ठरवेपर्यंत काही महिने जातील. तोवर ती फेकत राहील. संमती मागे घेण्याचा कागद वकीलबाईने छापून आणला. नागेशचा हात सवयीने पुढे गेला. मुक्ताने तो बाजूला केला, कागद शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि स्वतः सही केली.

बाहेर ऊन होतं. दोघं ट्रामच्या थांब्यावर बाकावर बसले, मधे हातभर अंतर ठेवून. थांब्यावर बरीच गर्दी होती. मुक्ताच्या खिशात फोन थरथरला, पुन्हा थरथरला. तिने तो काढला आणि पडद्याकडे न पाहताच बापाच्या मांडीवर ठेवला. वही आणि पेनही.

"पोलिसांना सगळे लिहून हवेत," ती म्हणाली. "मी तीन आठवडे एकटी वाचतेय. आता तू वाच."

तो वाचू लागला. तारीख, वेळ, मजकूर. पहिला मेसेज शिवीचा होता, दुसराही. एकाही शब्दासाठी त्याला डिक्शनरी लागली नाही. अकराव्याला त्याचा हात थांबला. मेसेज आत्ताचा होता, एका मिनिटापूर्वीचा, आणि त्यात शिवी नव्हती. जर्मनमध्ये एवढंच लिहिलं होतं: शेजारी बसलाय तो तुझा बाप का?

नागेशने मान वर केली. समोरच्या थांब्यावर दहा-बारा माणसं उभी होती, सगळ्यांच्या माना आपापल्या फोनमध्ये. तो नकळत सरकला आणि मधलं अंतर संपलं. मुक्ताने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काय लिहिलंय?"

काही नाही, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते त्याने गिळले, आणि मेसेज तिला वाचून दाखवला.