पाठीवर कोरलेली बाई

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे आणि माझ्या पाठीवर दोनच अक्षरं कोरलेली आहेत : बाई. मित्रांनो, या दोन अक्षरांनी माझा जीव जेवढा कुरतडला, तेवढा वाळवीनेही कुरतडला नाही.

सालेकशाला १९३४ साली बिसराम सुताराने मला घडवलं. बिसराम मूळचा छत्तीसगडचा. गावात मुलींची शाळा नवीनच निघाली होती आणि शिकवायला भंडाऱ्याहून शामकला नावाच्या शिक्षिका आल्या होत्या. मुलांच्या शाळेतले गुरुजी मला उचलून नेतील, या भीतीने शाळेचे कारभारी केशोराव म्हणाले, "बिसराम, हिच्या पाठीवर बाई असं कोर."

बिसराम हातात पटाशी धरून हसतच सुटला. "बाई त मोर घर म हे, मालिक!" त्याच्या बोलीत बाई म्हणजे बायको.

"अरे, आमच्यात शिकवणारीले बाईच म्हणतेत. कोर गुमान!"

त्याने कोरलं. दुसऱ्या कुणासाठी 'बाई' कोरली म्हणून त्याची बायको दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही म्हणे.

शाळा मात्र छान चालली. तेवीस मुली होत्या. मोहफुलं वेचायच्या दिवसांत त्या सकाळी येईनात, तेव्हा बाईंनी शाळाच दुपारी भरवली. त्या माझ्यावर क्वचितच बसत. मुलींच्या रांगेत, जमिनीवरच त्यांची बैठक असे. "बाई, माही पाटी पाहा जी!" अशी हाक आली की मला वाटे, याहून मानाचा शब्द जगात नसेल.

शाळेची खोली मारवाडी व्यापारी चुन्नीलालशेठ यांनी आपणहून दिली होती. त्यांची लेक गीता पहिल्या रांगेत बसे. एका दुपारी शेठजी आपल्या जबलपूरच्या पाहुण्याला मोठ्या अभिमानाने शाळा दाखवायला घेऊन आले. पाहुण्याने माझी पाठ वाचली आणि तो खो खो हसला.

"चुन्नीलालजी, यहाँ कौन-सी बाई बैठती है? गाना कब होता है?"

त्याच्या गावात तो शब्द नाचगाणं करणाऱ्या बायकांसाठी होता. शेठजींचे कान लाल झाले. पाहुणा जाताच ते केशोरावांवर कडाडले, "यह शब्द नहीं चलेगा, और यह मास्टरनी भी नहीं!"

शामकलाबाई समोरच उभ्या होत्या. "शेठजी, या मुली मला बाई का म्हणतात, ते एकदा मुलींनाच विचारा."

कुणी विचारलं नाही. केशोरावांना सगळं ठाऊक होतं. पण खोली जाईल म्हणून ते जमिनीकडे पाहत राहिले. माझ्या पाठीवर तो शब्द कोरून घेणारे हेच, आणि आता तोंड उघडेनात! मला चार पाय होते, जीभ नव्हती.

"काऊन जी बाई, जाऊन राहिल्या?" मुली रडत विचारत होत्या. बाई आठवड्याभरात रेल्वेने निघून गेल्या. दुसरं कुणी शिकवायला येईना. शाळा बंद झाली, खोलीत मोहफुलांची पोती आली आणि माझी रवानगी शेठजींच्या दुकानात झाली. पाठीवरची अक्षरं दिसू नयेत म्हणून त्यांनी माझ्यावर गमछा टाकला.

चार महिन्यांनी शेठजी माझ्यावर टेकून बसले होते. उन्हाने घसा सुकला होता. त्यांनी आत हाक मारली, "बाई, पाणी ल्या!"

गीता लोटा घेऊन आली. मारवाडात लाडक्या लेकीला बाईच म्हणतात!

तिने लोटा पुढे केला, पण सोडला नाही. "बापूजी, आप मुझे रोज बाई कहते हो. फिर हमारी बाई को क्यों निकाला?"

शेठजी पाणी प्यायले नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते बाईंना आणायला गेले. बाई बालाघाटला दुसऱ्या शाळेत लागल्या होत्या. संध्याकाळी एकटेच परतलेले शेठजी केशोरावांना म्हणाले, "वो बोलीं, यहाँ भी बच्चियाँ बैठी हैं."

शाळा पुन्हा भरली ती थेट सत्तेचाळीस साली. मला तिथे परत नेलं. पण तोवर त्या तेवीसही जणी पाटी सोडून सासरी गेल्या होत्या.

मित्रांनो, एखादा शब्द कानाला टोचला तर रागावण्याआधी बोलणाऱ्याला विचारा, "तुमच्यात याचा अर्थ काय?" विचारायला एक क्षण लागतो. आमच्या गावात तो क्षण कुणाला मिळाला नाही.