बेचाळीस इंचांची तार

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. खडूचा नव्हे, विक्रमांचा. नेब्रास्कातल्या मक्याच्या रानात हॅवलिक नावाचं गाव आहे. तिथल्या हायस्कूलच्या मैदानावर, लाह्या विकायच्या खिडकीच्या वर, मी सदुसष्ट वर्षं लटकतो आहे. लटकणाऱ्याला लोक कमी लेखतात. लेखोत बापडे.

चर्चमधलं एक बाक मोडलं, त्याच्या फळीतून शाळेच्या सुतारशाळेतल्या मुलांनी मला घडवलं. त्यामुळे बसून राहणाऱ्यांची मला जन्मापासून ओळख. माझ्यावर नावाच्या पट्ट्या टांगायच्या त्या फक्त याच मैदानावर विक्रम करणाऱ्यांच्या, असा नियम ठरला.

मैदान त्याच उन्हाळ्यात एमिल कोझाक या शेतकऱ्याने आखलं. मोजपट्टीसाठी शहरापर्यंत कोण हेलपाटा घालणार? त्याने मका पेरायची गाठींची तार आणली. ही तार शेतात ताणून ठेवत आणि प्रत्येक गाठीला पेरणीयंत्र दाणे टाकी. दोन गाठींत चाळीस इंच, हे गावातलं शेंबडं पोरही सांगे. एमिलने तीनशे शहाण्णव गाठी मोजल्या, चारशे चाळीस यार्डांची फेरी आखली, वर कोळशाची राख पसरली. गावाने टाळ्या वाजवल्या.

पुढे एक गंमत दिसू लागली. हॅवलिकची मुलं बाहेरगावी धडाधड जिंकत, पण घरच्या मैदानावर त्यांचे आकडे रडके. गावाने डोकं खाजवून कारण शोधलं. घरच्या स्पर्धेला आया पोरांना कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, खिलवतात, दोन-दोन! एक वर्ष कोलाच्यांवर बंदी आली. आकडे होते तिथेच राहिले, पोरं तेवढी रुसली.

एकोणीसशे पंचाहत्तरच्या मे महिन्यात अर्लीन सेडलाचेक भावाचे बूट घालून, पुढे मोजे कोंबून, आठशे ऐंशी यार्ड धावली. दोन फेऱ्या, दोन मिनिटं एकोणतीस सेकंद. तिची पट्टी माझ्यावर चढली. शेजारच्या मार्लो गावची पोरं खिदळली, "एवढ्या वेळात आमची गाय पोचते!"

"मग पुढच्या वेळी गायच आणा," अर्लीन म्हणाली. "तुमच्यातलं कुणीतरी जिंकेल."

पन्नास वर्षं गेली. अर्लीनने गाव सोडलं नाही; ती शाळेची बस चालवू लागली. पट्टीवरचा रंग उडाला की तीच नवा द्यायची. मग हॅवलिकमध्ये पोरंच उरली नाहीत आणि दोन्ही शाळा एक करायचं ठरलं. नवी शाळा मार्लोत, फळाही मार्लोचाच. अधीक्षक डॅरन टिल्स हातात पेचकस घेऊन माझ्यापाशी आला. अर्लीन आधीच खिडकीशी उभी होती.

"मिस अर्लीन, तुमच्या भावना मी समजतो..."

"भावना राहू दे. तीन वर्षं माझ्या बसच्या पुढच्या सीटवर ओकलास, तेव्हा मी तुझ्या भावना काढल्या नाहीत."

डॅरन लाजला. "पण लोक हसतात हो. मार्लोची पोरगी दोन पंचवीस, तुम्ही दोन एकोणतीस. हा फळा कशाला मिरवायचा?"

"मैदान मोजलंस?"

"सदुसष्ट वर्षांत कुणी मोजलंय?"

"म्हणूनच विचारतेय. बरोबर निघालं, तर हा फळा मी स्वतः चुलीत घालते."

मित्रांनो, माझं मत कुणी विचारलं नाही.

डॅरनने मोजायचं चाक फिरवलं. फेरी संपली तेव्हा त्याने चाकाला दोन थपडा मारल्या आणि पुन्हा निघाला. मग पोलादी फीत आणली. तेवढ्यात एमिलचा मुलगा डेनिस कोठारातली जुनी तार घेऊन आला.

"मैदान आखलं ते बाबांनी ह्या तारेनं. चाळिसाची आजोबांची होती. ती त्याच वसंतात तुटली."

डॅरनने दोन गाठींवर फीत धरली. बेचाळीस इंच. गाठीगाठीला दोन इंच जास्त, म्हणजे फेरी चारशे बासष्ट यार्डांची! अर्लीन चव्वेचाळीस यार्ड फुकट धावली होती. हिशेब केला तर तिची वेळ निघाली दोन बावीस.

मग डेनिस म्हणाला, "म्हणजे कोलाचे निर्दोष होते."

"मिस अर्लीन, पट्टी बदलतो," डॅरन म्हणाला. "दोन बावीस लिहितो."

"हात लावू नकोस. मी दोन एकोणतीसच धावले. जमीन जास्त धावले, एवढंच."

डॅरनने पेचकस खिशात घातला. मी जागेवरच आहे. माझ्याखाली अर्लीनने एक नवी पट्टी ठोकली आहे: 'फेरी ४६२ यार्ड. हिंमत असेल त्याने यावं.'

मित्रांनो, जुन्या गोष्टी अडगळीत टाकायच्या तर टाका. पण आधी त्या मोजून पाहा, आणि मोजायला आपली फीत घेऊन या, ऐकीव इंच नकोत. माझ्यावरची पट्टी उतरवायलाही माझी ना नाही. फक्त ती पेचकसाने उतरत नाही.

गेल्या वसंतात मार्लोची ती दोन पंचवीसवाली पोरगी आली. धावली. दोन तेहतीस. गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत तिने विचारलं, "ही फेरी संपते तरी कुठे?"

अर्लीनने तिच्यापुढे कोलाच्यांचा डबा धरला. "दोन घे," ती म्हणाली, "आणि शनिवारी परत ये."