मागच्या तारखेचं लेबल

देवासला तात्यासाहेबांचा लेबलं छापायचा कारखाना होता, आणि तिथली सगळी डिझाइनं वैभवी करायची. तात्यासाहेब तिचे चुलतसासरे. खाली मशीन, वर घर. तिचा नवरा मयुरेश ऑर्डरी आणायचा. करंट लागेल, हात सापडेल, अ‍ॅसिड उडेल, असं बजावणारी लेबलं ती नऊ वर्षं मन लावून बनवत होती. लेबल पाच पावलांवरून वाचता आलं पाहिजे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला चित्रावरून कळलं पाहिजे, हा तिचा हट्ट.

एका सोमवारी तात्यासाहेब तिच्या टेबलापाशी येऊन बसले. एरवी ते कधी बसत नसत.

"सूनबाई, पीथमपुरच्या औषधवाल्यांचं ते टाकीचं लेबल काढा. तुम्ही नमुना केला होता ना?"

केला होता. दोन वर्षांपूर्वी ती स्वतः जाऊन टाकीच्या तोंडाचं माप घेऊन आली होती. झाकणातून आत उतरणारा काळा माणूस, त्यावर तिरपी लाल रेघ, आणि खाली हिंदीत, 'हवा जाँचे बिना टंकी में न उतरें'. कंपनीने 'जरूरत नहीं' एवढीच मेल करून नमुना परत पाठवला होता.

"आता हवंय त्यांना?"

"सहा नग. कोपऱ्यात आपण महिना-साल टाकतो, ते दोन वर्षांपूर्वीचं टाका. आणि जरा वापरलेली दिसली पाहिजेत."

वैभवीने पेपरात वाचलं होतं. टाकी धुवायला उतरलेला मनन नावाचा मजूर गॅसने आतच दगावला होता आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा कसाबसा वाचला होता.

"हे मला जमणार नाही, तात्यासाहेब."

"आपलं निम्मं काम त्यांचं आहे," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "खाली बारा माणसं आहेत. त्यांना विचारून या."

वर जाऊन तिने मयुरेशला सांगितलं. "करून टाक ना. आपण फक्त छापतो," तो शर्टाची बटणं लावत म्हणाला. मग थांबून, हळू आवाजात, "इथून उठून आपण जायचं कुठे?"

तिने लेबलं छापली. पॉलिश पेपरने घासली, तीन दिवस गच्चीवर उन्हात ठेवली, कडांना ग्रीस लावून पुसली. कुणाला शंका येऊ नये इतकी ती जुनी दिसत होती. त्या दिवशी जेवायला बसण्याआधी तिने दोनदा हात धुतले.

पुढच्या आठवड्यात चौकशी लागली. लेबलं कोणी, कधी दिली ते सांगायला तात्यासाहेब तिला घेऊन पीथमपुरला निघाले. वाटेत ते एकदाच बोलले. "विचारतील तेवढंच सांगा."

ऑफिसात चौकशी अधिकारी बाई होत्या, कंपनीचा मॅनेजर होता, आणि भिंतीकडच्या खुर्चीवर धरमपुरीचा उमाशंकर बसला होता. वाचलेला मजूर तो हाच. बोलताना त्याला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागत होता. बाईंनी टाकीवरच्या लेबलाचा फोटो त्याच्यापुढे धरला.

"ये देखा था?"

"नहीं मॅडम. आठवीं पास हूँ. होता तो पढ़ लेता."

बाईंनी वैभवीला विचारलं, हे कधी पुरवलं? तात्यासाहेब समोरच्या भिंतीकडे बघत होते. वैभवीने फोटोतल्या कोपऱ्यातला महिना आणि साल वाचून दाखवलं.

उमाशंकरने फोटो परत हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. "तो फिर मेरी ही नजर नहीं गई होगी," तो म्हणाला. "मनन को मैंने ही बोला था, उतर जा."

मॅनेजरने मान डोलावली. बाई लिहायला लागल्या.

वैभवी उभी राहिली. आपण उठलो आहोत हे तिला उठल्यावर कळलं.

"मॅडम, इनकी नजर ठीक थी. ये मैंने पिछले हफ्ते छापा है. तारीख मैंने डाली है."

तिने मोबाइलवर दोन वर्षांपूर्वीची ती मेलही काढून दाखवली. बाईंनी तिचा जबाब नव्याने लिहून घेतला आणि प्रत्येक पानावर सही घेतली. तेवढा वेळ उमाशंकर एकच विचारत होता, "मतलब वहाँ नहीं था ना?" ती प्रत्येक वेळी "नहीं था" म्हणत राहिली.

लेबल असूनही मननला उतरवलं, हा उमाशंकरवरचा ठपका निघाला. प्रकरण कोर्टात गेलं. खोटी तारीख छापणाऱ्या वैभवीचं आणि तात्यासाहेबांचं नावही त्यात आलं. कंपनीचं काम गेलं आणि बारातली चार माणसं कमी झाली. मयुरेश कामापुरतं बोलू लागला. तात्यासाहेबांनी मात्र तिला काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला रोज वाटायचं. पण घरच्या सुनेला काढून ते लोकांना काय सांगणार होते?

आता तिची प्रत्येक फाइल आधी ते उघडून बघतात. सकाळी मशीनचा आवाज सुरू झाला की ती जिना उतरते आणि त्याच टेबलाशी बसते. परवा एका गिरणीचं काम आलं, पट्ट्यात हात सापडू नये म्हणून लावायच्या लेबलांचं. माप घ्यायला कधी जायचं, असं तिने विचारलं.

"आम्ही जाऊन येऊ," तात्यासाहेब म्हणाले. "तुम्ही इथेच बसा."