हळू पडणारी अक्षरे

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे, अवघ्या चाळीस ओळींचा. मला हात नाहीत, तोंड नाही, आणि माझे घर म्हणजे एक काळी फ्लॉपी. तिच्यावरच्या कागदावर शाईने 'मर्यादा' एवढेच लिहिले आहे. तेच माझे नाव आणि तेच माझे काम.

माझा जन्म १९९४ सालचा, आदिलाबादचा. बियाण्यांच्या एका दुकानाच्या माडीवर सुधाकररावांचा कॉम्प्युटर क्लास होता. त्या उन्हाळ्यात त्यांनी जुना संगणक काढून नवा आणला. त्याच्या वेगाचे केवढे कौतुक झाले! टायपिंगच्या सरावाचा धडा मात्र जुनाच राहिला. त्यात पडद्याच्या वरच्या टोकापासून इंग्रजी अक्षरे पडत आणि ती तळाला पोचण्याआधी तेच बटण दाबायचे असे. हा धडा जुन्या संगणकाच्या संथ चालीवर बेतलेला होता. नव्या संगणकावर ती अक्षरे फाटक्या पोत्यातल्या ज्वारीसारखी सांडू लागली. पोरांना तो खेळच वाटला. सुधाकरराव दुसऱ्या खोलीत शिकवत, त्यामुळे त्यांच्या हे लक्षातच आले नाही.

बयनाबाईंना मात्र हसू येत नव्हते. चाळिशी ओलांडलेल्या या बाई जवळच्या मावला गावाहून येत. त्यांचे यजमान एका सरकारी कार्यालयात कारकून होते. ते वारले, तेव्हा त्यांच्या जागी बाईंना घेऊ असे तिथले साहेब म्हणाले होते, पण दिवाळीआधी टायपिंगची परीक्षा पास व्हायला हवी होती. घरी शिकणाऱ्या दोन मुली. बाई रोज येत आणि रोज हरत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पिशवी उचलली.

"सर, मी उद्यापासून येत नाही."

"काऊन बाई?"

"माह्या बोटाईत जीवच नाही. पोरं पाहून पाहून हासतात."

"बसा, मी दाखवतो," म्हणत सुधाकरराव स्वतः खुर्चीवर बसले. दहा वर्षे टायपिंग शिकवणारा माणूस, पण अक्षरे त्यांच्याही हाती लागेनात. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, चूक तुमची नाही. हे मशीनच सुसाट पळून राह्यलं. उद्या या."

आणि त्यांनी मला लिहिले. संगणक सुरू झाला की सगळ्यांच्या आधी मी जागा होई. प्रोसेसर म्हणजे संगणकाचे डोके. त्याला मी घडीघडीला क्षणभर थांबवी. किती थांबवायचे तो आकडा सुधाकरराव ठरवत. पूर्ण वेग शंभर धरला, तर पहिल्या दिवशी माझा आकडा होता दहा. प्रोसेसर कुरकुरला, पण मी त्याला दाद दिली नाही. वरून एकच अक्षर सावकाश उतरू लागले आणि बयनाबाईंनी ते पकडले. मग दुसरे पकडले. त्या अशा हसल्या की मला माझ्या चाळीस ओळींचा अभिमान वाटला.

माझे कौतुक मात्र कोणी केले नाही. पळवणाऱ्याला शाबासकी मिळते, थांबवणाऱ्याला कोण देणार? पोरे तर म्हणत, "याले ब्रेक कोणं लावला?"

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाई पुन्हा रडवेल्या झाल्या. "सर, मी हळू मशीनवर शिकली. तिथं माह्यासाठी कोण हळू करून देते?"

सुधाकररावांनी माझा आकडा बाईंना दाखवला. दर सोमवारी ते गुपचूप तो वाढवत आले होते. आता तो पस्तीस होता. जुना संगणकही इतका पळत नव्हता. मग ते स्वतः बसले. त्यांची सात अक्षरे सुटली. बाईंचे एकही सुटले नाही.

त्या पास झाल्या. पेढे घेऊन आल्या, तेव्हा एक पेढा त्यांनी संगणकापुढेही ठेवला.

पुढे नवे संगणक आले, नवे धडे आले, आणि मी खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात पडून राहिलो. पाच उन्हाळे तो डबा उन्हात तापला आणि माझ्या घरावर धूळ साचली. मग एका दुपारी ओळखीचा आवाज आला, बयनाबाईंचा.

"सर, ते मर्यादा हाय का? आमच्या हापिसात रुख्मिणी म्हणून पोरगी लागली, बापाच्या जागी. मशीनपुढं बसली का रडते."

मला केवढा आनंद झाला! बाई मला कार्यालयात घेऊन गेल्या, पण तिथल्या संगणकाने नुसती घरघर केली. उन्हाने आणि धुळीने फ्लॉपी खराब झाली होती; माझी एकही ओळ त्याला वाचता आली नाही. मित्रांनो, त्या क्षणी मला फार वाईट वाटले. एवढ्या वर्षांनी कोणाला माझी गरज पडली होती, आणि मीच उरलो नव्हतो.

बयनाबाईंनी फ्लॉपी पदराने पुसून टेबलावर ठेवली. मग खुर्ची ओढून त्या रुख्मिणीजवळ बसल्या.

"मी एकेक अक्षर सांगते. तू दाब. घाई नाही, बाई."

एक अक्षर. मग पुरेसा वेळ. मग दुसरे. ती चाल मी लगेच ओळखली. तो माझा पहिल्या दिवशीचा दहाचा आकडा होता. आणि सोमवार आला, तेव्हा बाईंनी तो किंचित वाढवला.

मी अजून त्यांच्या टेबलावरच आहे. जुन्या फ्लॉप्या धुळीत टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी मागे पडत असेल, तर त्याच्या बोटांना नावे ठेवण्याआधी अक्षरे किती वेगाने पडताहेत ते एकदा बघा. आणि खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसा.